ऑटोक्लेव्हमधला कांदा

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता आफ्रिकेत, मलावीतल्या एका जिल्हा रुग्णालयातलं ऑटोक्लेव्ह बंद पडलं. तिथे तेव्हा पावणेआठ वाजले होते. मी त्या वेळी बदलापूरजवळच्या गावात मावशीच्या ओट्यावर बसून जांभळं निवडत होते.

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर. ऑपरेशनची हत्यारं त्यात वाफेवर निर्जंतुक होतात. ते बंद, तर ऑपरेशन बंद. त्या रुग्णालयात ते एकच होतं.

मी हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करते. डिप्लोमा झाल्यावर काम उल्हासनगरच्या एका वर्कशॉपमध्ये शिकले, मग बारा वर्षं अंबरनाथ एमआयडीसीत सर्व्हिस इंजिनिअर होते. त्यानंतरची दोन वर्षं मलावीत स्वयंसेवक. राहायला खोली, जेवणापुरता भत्ता. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर अंबरनाथला आले, तेव्हा आईने दारातच विचारलं, "तिकडे सेवा करतेस की उपास?" पहिले चार दिवस मी फक्त झोपले. पाचव्या दिवशी आईने मावशीकडे पाठवलं. आंब्याखाली खाट, तांदळाची भाकरी, सुकट. दहाव्या दिवसापर्यंत फोन वाजला की दचकायचं थांबलं होतं. आधी दचकत होते, हेही मला तेव्हाच कळलं.

तिसऱ्या वर्षाचा फॉर्म शुक्रवारपर्यंत पाठवायचा होता. भरून ठेवला होता, पाठवला नव्हता. जायची इच्छा उरली नव्हती. जाण्याचं कारण मात्र एक होतं: मी नसले तर तिथली यंत्रं बंद पडतील. आणि आता एक पडलं होतं.

फोन ग्रेसचा होता. ग्रेस माझी मदतनीस. तिने एका दमात सांगितलं, "मॅडम, हीटर चालू होत नाही. एक बाई सिझेरियनसाठी थांबली आहे. निर्जंतुक संच एकही शिल्लक नाही. दुसरं रुग्णालय चार तासांवर आहे."

"पॅनल उघड."

"उघडलंय. वायरींवर तुमच्या भाषेतले स्टिकर आहेत. मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपने वाचून घेतले."

"मग?"

"ॲप म्हणतं, हा कांदा आहे. त्याच्या शेजारी बटाटा आहे. मॅडम, हे ऑटोक्लेव्ह आहे ना?"

इथे थोडं सांगावं लागेल. उल्हासनगरच्या वर्कशॉपमध्ये यंत्र खोलताना प्रत्येक वायरीला स्टिकर लागायचा, पण त्यावर खरं नाव कधी नसायचं. प्रत्येक दुकानाची आपली खूण. शेजारच्या मेकॅनिकने पॅनल उघडलं तर त्याला काही कळू नये, गिऱ्हाईक आपल्याकडेच परत यावं, एवढाच हेतू. आमच्या दुकानात भाज्या होत्या. कांदा म्हणजे दाराचा स्विच. बटाटा म्हणजे हीटर. भेंडी म्हणजे पाण्याची पातळी. हाताला सवय लागली होती. मलावीत आसपास दुसरा मेकॅनिकच नव्हता, तरी मी सगळ्या यंत्रांत भाज्याच लावल्या होत्या. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पॅनल मीच उघडत होते.

ओट्यावर नेटवर्क कमी, व्हिडिओ दिसेना. मी पाण्याच्या टाकीवर चढले.

"अगो, परशील ना वरशी!" मावशी खालून ओरडली. "खाली ये पयली!"

"मावशी, ऑपरेशन आहे!"

"कोनाचा?"

मी ग्रेसला सगळ्या भाज्या सांगितल्या. तिने मीटर लावला आणि दोन मिनिटांत दोष सापडला. कांदा जळाला होता. दार नीट बंद झालं की हा स्विच दाबला जातो आणि मगच हीटरला वीज मिळते. स्विच गेला, की यंत्राला दार उघडंच वाटतं.

मागून मेट्रनबाईंचा आवाज आला. "तो स्विच काढा आणि वायरी सरळ जोडून टाका. बाई थांबली आहे."

मी तोंड उघडायच्या आत ग्रेस म्हणाली, "नाही. दार अर्धवट लागलं तरी वाफ भरेल. मग दारासमोर उभा राहणारा भाजेल. मी जोडणार नाही."

सुटा स्विच स्टोअरमध्ये नव्हता. मागवला तर सहा आठवडे. ग्रेस कॅमेऱ्यातून गायब झाली आणि परतली तेव्हा तिच्या हातात लाँड्रीतल्या भंगार वॉशिंग मशीनच्या दाराचा स्विच होता. क्षमता तेवढीच, पण दांडी आखूड. दारापर्यंत पोहोचेना.

"दांडी लांबवायला पत्र्याची पट्टी लागेल," मी म्हणाले. "आधी माप घे, मग…"

"मॅडम, सांगू नका. अडले तर विचारेन."

आणि नेटवर्क गेलं.

मी टाकीवर उभी राहून फोन चारी दिशांना फिरवला. परत लावला, लागला नाही. मावशीने शिडी धरून ठेवली होती. मी काही करू शकत नव्हते, तरी खाली उतरले नाही.

एक वाजून वीस मिनिटांनी फोटो आला. हत्यारांच्या गाठोड्यावर एक चिकटपट्टी लावतात. त्यावरचे फिके पट्टे योग्य वाफ मिळाली तर काळे होतात. फोटोतले पट्टे काळे कुळकुळीत होते. मी टाकीवरच ओरडले. शेजारचे दोन कुत्रे भुंकू लागले. अडीच वाजता मुलगी झाली. आई आणि मुलगी सुखरूप असल्याचं ग्रेसने कळवलं.

बुधवारी मी उल्हासनगरला गेले. तिथल्या वर्कशॉपच्या चंदू अंकलनी मला काम शिकवलं होतं. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे बाबा! माझी बदमाशी तू एक्सपोर्ट केली?"

"तुम्हीच शिकवली, अंकल."

"मी धंद्यासाठी शिकवली. तू तर सेवा करत होती ना? फिर किससे छुपा रही थी?"

त्यांनी चहा पुढे केला. "इकडे बघ. शहाडपासून बदलापूरपर्यंत किती नर्सिंग होम, आणि यंत्र उघडणारा हात नाही. दुकानाची वरची खोली रिकामी आहे. पोरींना शिकव. खरी नावं लिहून शिकव."

गुरुवारी संस्थेच्या समन्वयक बाईंशी बोलले.

"तिसरं वर्ष नाही म्हणता? तिथे तुमची गरज आहे."

"सहा आठवडे येते. सगळ्या यंत्रांवर त्यांच्या भाषेत नावं लावून देते. माझ्या जागी ग्रेसला पगारावर घ्या."

"तिच्याकडे डिप्लोमा नाही."

"मंगळवारी डिप्लोमा पाण्याच्या टाकीवर उभा होता. यंत्र ग्रेसने चालू केलं."

मग त्या म्हणाल्या, "लेखी पाठवा."

आपल्याशिवाय अडतं, असं जिथे वाटतं, तिथे अडण्याची सोय आपणच केलेली नाही ना, हे एकदा पॅनल उघडून पाहावं.

शुक्रवारी फॉर्मऐवजी शिफारसपत्र पाठवलं. ठरल्याप्रमाणे सहा आठवडे तिथे राहून परतले. चंदू अंकलच्या वरच्या खोलीत सध्या पाच मुली शिकतात. ग्रेसची तंत्रज्ञ म्हणून पगारी नेमणूक झाल्याचं पत्र मागच्या सोमवारी दुपारी दोन वाजता निघालं.