पट्टा कोण आवळतं

ट्रेलरवर माल चढवणारे शंभर भेटतील, पण तो नीट बांधणारा लाखात एक, असं पकड सांगायचा, आणि तो एक कोण हे समोरच्याने ओळखायचं असायचं. पकड हे माल भरायच्या यार्डातल्या लोकांनी ठेवलेलं नाव. बायको ट्रेलर चालवायची, हा माल बांधायचा. वीस वर्षं त्यांचा संसार असाच केबिनमध्ये शेजारीशेजारी बसून, भांडत-हसत चाललेला.

काम सरळ होतं. मालावरून पट्टा टाकायचा, त्याचं टोक ट्रेलरच्या कडेखाली पट्टा आवळायला बसवलेल्या विंचच्या रुळावर गुंडाळायचं, रुळाच्या भोकात लोखंडी दांडा घालायचा आणि अंगाचा भार टाकायचा. खट, खट करत खिटी दात्यांत बसत जायची. दांडा निसटला की थोबाड फुटायचं. पकडचे पुढचे दोन दात तसेच गेले होते आणि ती फट तो अभिमानाने दाखवायचा.

निघाल्यावर तासाभराने थांबून पट्टे तपासायचे, हा या धंद्यातला नियम. हादऱ्यांनी माल बसतो, पट्टे सैल पडतात. पकड मात्र उतरून थेट नळावर तोंड धुवायला जायचा. ‘‘माझा पट्टा सैल पडत नाही,’’ हे चहावाल्यालासुद्धा पाठ झालं होतं. बायको तेवढ्यात गाडीभोवती एक चक्कर मारून यायची. पाय मोकळे करते, म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी पकडचा उजवा खांदा धरला. त्याने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. डाव्या हाताने दांडा दाबायचा, दात-ओठ खायचा आणि वर शीळ घालायचा.

मग एक दिवस बायकोने मिस्त्रीकडून मोटरचे विंच बसवून घेतले. बटण दाबलं की पट्टा आपोआप आवळणार. पकडचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

‘‘उद्या बॅटरी बसली तर?’’ त्याने मिस्त्रीला विचारलं.

‘‘म्हणून तर अडीअडचणीला पुढचे दोन हाताचेच ठेवलेत,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘वहिनींनी सगळा विचार केलाय.’’

पकडला बॅटरीची काळजी नव्हतीच. बटण काय, ती एकटीही दाबेल. मग आपलं काय काम? घरच्या दोन खोल्यांत भरदुपारी पंख्याकडे बघत बसलेला माणूस त्याला दिसू लागला, आणि तो माणूस म्हणजे तो स्वतःच होता.

पहिली खेप लोखंडी पाइपांची होती. त्याने पट्ट्यांचे पीळ काढले, कोपऱ्यांवर रबर ठेवलं, पण बटणाला हात लावला नाही. तिनेच दाबलं. मोटर घुरघुरली आणि हवा तेवढा ताण देऊन आपोआप थांबली. त्याने पट्ट्यावर टिचकी मारून पाहिली. नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो तासभर रस्त्यातल्या खड्ड्यांना नावं ठेवत बसला.

थांबा आला. आज मोटरची फजिती बघायची म्हणून तो नळाकडे न जाता ट्रेलरमागे वळला. बायको तिथे आधीच होती. हातात सीटमागचा आखूड दांडा. ती एकेक पट्टा दाबून बघत होती. सगळे ताठ होते. दांड्याला काम नव्हतं.

पकड बघत राहिला. तिच्या तळहातांचे घट्टे स्टिअरिंगचे, असं तो आजवर समजत होता.

‘‘हे रोजचं आहे?’’

‘‘दोन वर्षं झाली.’’

‘‘म्हणजे माझे पट्टे...’’

‘‘चार-पाच खट कमी पडायचे. फार नाही.’’

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘‘तेव्हाच बोलायचंस. बांधायला दुसरा माणूस ठेवला असतास.’’

‘‘ठेवला असता की,’’ ती म्हणाली. ‘‘मग शेजारी तो बसला असता. आणि अहो, अनोळखी माणसाशी दिवसभर भांडता येतं का?’’

पकडला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तो उगाच वाकून एका विंचवरची धूळ झाडत राहिला.

‘‘परतीच्या मालाला बटण मी दाबणार,’’ शेवटी तो म्हणाला.

‘‘दाबा ना,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्यासाठीच तर बसवून घेतलंय.’’