सतरा पाऊण पावणेतेरा

“रिठदच्या भाजीवाल्याची ना तू? मग हे कोणाचं पाहून लिहिलं?”

सरांनी माझा पेपर दोन बोटांत धरून सगळ्या वर्गाला दाखवला. विज्ञान शाखेचं पहिलं वर्ष. कॉलेजचं इंग्रजी आणि गणित आम्हाला झेपेल का, हे तपासणारी ती चाचणी होती. जो कमी पडेल त्याने कला शाखेत जायचं, असं सरांनी आधीच बजावलं होतं.

प्रश्न साधा होता. प्रत्येकी पाऊण किलोच्या सतरा पिशव्या. एकूण वजन किती? मी लिहिलं, पावणेतेरा किलो. फक्त उत्तर. पेपरच्या माथ्यावर इंग्रजीत सूचना होती की सर्व पायऱ्या दाखवा. ती मला वाचता आली, कळली नाही. ही माझी चूक. ती मी आजही मान्य करते.

पण उत्तर चोरलेलं नव्हतं. मेथीच्या वाफ्यांत पाणी वळवताना बाबा पाऊणकी म्हणत. पाऊणकी म्हणजे पाऊणपटीचे पाढे. मी त्यांच्यामागून म्हणायची. सतरा पाऊण पावणेतेरा. त्याला पायऱ्या असतात, हेच मला ठाऊक नव्हतं.

“सर, तराजू घिऊन आली असन!” मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. सरही हसले.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावणं गेलं. सर मोठ्या बागायतदाराच्या घरचे. त्यांच्या दारी बाबा भाजी पोचवत. बाबांनी वर्गाच्या उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. तिथे कोणीच चपला काढत नसे.

“चुकलं असन, सर. लेकराले माफ करा.”

ज्या माणसाने मला ते उत्तर दिलं, तोच त्या उत्तरासाठी हात जोडून उभा होता.

सरांनी एक अर्ज पुढे सरकवला. ‘मी स्वेच्छेने कला शाखेत जात आहे.’

“कर सही.”

“कर ना माय,” बाबा हळूच म्हणाले. “कायले वाढवतं?”

मी पेन घेतला नाही. खडू घेतला. सतरा गुणिले तीन, एक्कावन्न. भागिले चार. बारा पूर्णांक तीन चतुर्थांश. मग वळून विचारलं, “बाबा, सतरा पाऊण किती?”

बाबा खाली पाहत राहिले.

“उत्तर बरोबर आहे, सर. मी सही करणार नाही.”

“चालती हो वर्गातून!”

मी माझ्या बाकावर जाऊन बसले. बाबा चपला हातात घेऊनच निघून गेले.

अर्जावर सही झाली नाही. सहीविना शाखा बदलता येत नव्हती, म्हणून मी विज्ञानातच राहिले. इंग्रजी सूचना शब्दकोश उघडून एकेक शब्दाने शिकले. आज मी गणित शिकवते. बाबा अजूनही वाफ्यांत पाणी वळवतात. पण त्या दिवसानंतर त्यांनी पाऊणकी म्हटलेली नाही. मी सुरुवात करून दिली, तरी नाही.

पेपर तपासताना पायऱ्यांविना बरोबर उत्तर दिसलं की माझा लाल पेन थांबतो. दारात अनवाणी उभे बाबा दिसतात.

पायऱ्या मी शिकवीन. नसतील तर गुणही कापीन. तो नियम आहे. पण बरोबर उत्तरासाठी कोणाचाही बाप माझ्या वर्गाच्या दारात हात जोडणार नाही. जो जोडायला लावील, त्याच्या हाती मी खडू देईन आणि सगळ्या वर्गासमोर विचारीन: आता तुम्ही सांगा, सतरा पाऊण किती?