एकतीस पिशव्या

प्राध्यापक क्लेआन्थिस वारुखास २००३ च्या फेब्रुवारीत वारले. वर्तमानपत्रांनी त्यांच्याविषयी जे छापले, त्यातल्या तारखा बरोबर होत्या. एक गोष्ट मात्र राहून गेली. ती तेव्हा फक्त मला ठाऊक होती, म्हणून लिहितो.

ते आमच्याच गावचे, तंबाखू पिकवणाऱ्या घरातले. थेस्सलोनिकीला शिकले, तिथेच प्राध्यापक झाले, आणि १९६१ पासून दर उन्हाळ्यात गावाबाहेरची मागुला, म्हणजे वस्तीवर वस्ती चढून झालेली टेकडी, खणायला येऊ लागले. मी शाळामास्तर, सुट्टीत त्यांचे भांडार सांभाळी. टेकडीवरचे शेवटचे गाव शत्रूने जाळले, की माणसे आपणहून सोडून गेली, एवढाच त्यांचा प्रश्न होता. उत्तर खापरांत होते. पण खापर कोणत्या थरातले, हे कळले तरच.

म्हणून नियम होता. प्रत्येक पिशवीला बाहेरून पुठ्ठ्याची चिठ्ठी शाईने लिहून बांधायची आणि आत एक लाकडी पट्टी पेन्सिलीने लिहून टाकायची. हा नियम मीच घातला होता.

१९६८ च्या १४ ऑगस्टला सर्वांत खोल खड्ड्यातल्या एकतीस पिशव्या बंद करायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी पानायियाचा, म्हणजे देवमातेचा, सण. संध्याकाळच्या प्रार्थनेला देवळात उजव्या बाजूचा गायक मी. घंटा झाली. मी बाहेरच्या चिठ्ठ्या तेवढ्या बांधल्या. आतल्या पट्ट्या सणानंतर टाकू, असे ठरवले आणि विसरलो.

१९८० च्या भूकंपात भांडाराच्या छतावरची पाण्याची टाकी फुटली. मांडण्यांवरून पाणी वाहिले आणि चिठ्ठ्यांवरची शाई धुऊन गेली. बाकीच्या पिशव्यांतून लाकडी पट्ट्या निघाल्या. या एकतिसांतून निघाल्या नाहीत.

"मास्तर, आतल्या पट्ट्या कुठं आहेत?" प्राध्यापकांनी विचारले.

मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी कपाळावर हात मारला. "थांबा, थांबा. त्या वर्षी लारिसाहून पट्ट्या मी आणायच्या होत्या. विसरलो असणार. माझंच डोकं!"

त्यांनी त्या आणल्या होत्या. सुतळीही न सोडलेला जुडगा माझ्या कपाटात होता. मी गप्प राहिलो.

सहकारी म्हणाले, थर आठवणीवरून लिहा, कोण तपासणार? त्यांनी ऐकले नाही. फुटलेल्या कडा एकेक करून जुळवायच्या. अनोळखी पिशवीतल्या पुरेशा तुकड्यांची जोड थर ठाऊक असलेल्या पिशवीतल्या तुकड्यांशी बसली, की त्या पिशवीचा थर ठरायचा. एकेका पिशवीला आठ-दहा महिने लागत.

त्यांची बहीण एव्दोकिया घर सांभाळी. कॉफी ठेवता ठेवता ती मला म्हणे, "मास्तर, तुम्ही तरी सांगा याला. ती माणसं मेली त्याला चार हजार वर्षं झाली, त्यांना कसली घाई नाही. पण याचे केस पिकले की!"

"थर शपथेवर सांगता येत नाही तोवर छापणार नाही," ते मान वर न करता म्हणत.

"मग बस फुटक्या मडक्यांच्या सोयरिकी जुळवत. स्वतःची काही जुळवली नाहीस!"

ते हसत. मीही हसे.

बावीस वर्षे अशी गेली. शेजारच्या टेकडीवर खणणाऱ्या एका तरुणाने हाच प्रश्न घेऊन ग्रंथ काढला आणि लोक त्याला बोलावू लागले. हे निवृत्त झाले. दृष्टी मंदावली, तेव्हा अंगठा फिरवून कडा ओळखू लागले. शेवटच्या हिवाळ्यात त्यांनी अचानक विचारले, "मास्तर, पट्ट्या खरंच नव्हत्या ना हो?"

"नव्हत्या, सर."

"बरं."

सत्तावीस पिशव्या सुटल्या, चार राहिल्या. माणसे आपणहून गेली, असे त्यांनी लिहिले; तेही 'बहुधा' हा शब्द घालून.

ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात एव्दोकियाने हस्तलिखित माझ्यापुढे ठेवले. "तारखा तपासा. छापखानेवाला घाई करतोय." प्रस्तावनेत एक वाक्य होते: 'एकतीस पिशव्यांत पट्ट्या नाहीत, हा दोष संपूर्णपणे माझा आहे.'

मी घरी गेलो, जुडगा आणून तिच्यापुढे टेबलावर ठेवला आणि सारे सांगितले.

तिने सुतळीच्या गाठीवर बोट ठेवले. "त्यानं विचारलं होतं तुम्हाला?"

"दोनदा."

"आणि माझ्या हातची कॉफी पीत होतात इतकी वर्षं." तिने प्रस्तावनेचे पान माझ्याकडे सरकवले. "खोडा ते. तुमचं नाव लिहा. स्वच्छ अक्षरात, तुम्हाला आवडतं तसं."

मी लिहिले.

ते गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, स्मरणप्रार्थनेनंतर, देवळाच्या दाराशी ती सर्वांच्या हातात कोलिवाची, साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हांची, पुडी देत होती. माझी वेळ आली तेव्हा तिने पुडी कट्ट्यावर ठेवली आणि मागच्या माणसाकडे वळली.

ग्रंथ निघाला आहे. दुरुस्ती पान नऊवर आहे.

उरलेल्या चार पिशव्या भांडारात आहेत. गेल्या सोमवारी जुडग्याची सुतळी सोडली, चार पट्ट्या काढल्या आणि प्रत्येकीवर पेन्सिलीने लिहिले: थर अज्ञात. मग त्या एकेका पिशवीच्या आत टाकल्या.