न गळणारी गाडी

एका रविवारी सकाळी नेरूळच्या आमच्या सोसायटीतल्या ‘घरच्याघरी काकां’नी आपल्या गाडीच्या गिअरबॉक्समधलं सगळं तेल काढलं. नवं तेल भरता येत नाही, हे त्यांना त्यानंतर कळलं.

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. मिक्सरपासून मूळव्याधीपर्यंत सगळ्याला त्यांचं उत्तर एकच, "घरच्या घरी होतं." हे नाव त्यावरूनच पडलं. केसही ते स्वतः कापत. मागून पाहिल्यावर ते कळे. त्यांनी दुरुस्त केल्यापासून आमच्या दाराची बेल त्यांच्या घरात वाजायची. मग काकू येऊन सांगायच्या, "तुमच्याकडे कोणीतरी आलंय."

त्या आठवड्यात कमिटीने नोटीस लावली होती. नव्या फरशीवर जी गाडी तेल गाळेल, तिची पार्किंगची जागा जाईल, रविवारी पाहणी. काकांची गाडी रोज गळायची. गिअरबॉक्सच्या तळाला तेल काढायचा बोल्ट असतो, तो ड्रेन प्लग झिजला होता. काकूंची आई पनवेलला अंथरुणाला खिळलेली. काका एक दिवसाआड काकूंना तिकडे नेत. गेलेली जागा सोसायटीत परत मिळत नाही.

"गॅरेजला टाका ना," मी म्हणालो.

"एका बोल्टसाठी? वेडा का तू?"

शिरवण्यातल्या दुकानातून नवा प्लग आणून काकांनी जुना काढला. तेल टबात उतरलं. नवा प्लग घट्ट बसला. मग तेल भरायचा वरचा बोल्ट उघडायला घेतला, तर तो गंजून अडकलेला. पाना घसरत राहिला आणि बोल्टच्या कडा गोल झाल्या. आता गिअरबॉक्स कोरडा; तशी गाडी चालवली तर गिअर खराब होणार.

"आधी वरचा उघडून बघायचा ना!" काकू खिडकीतून म्हणाल्या.

"मग आधी सांगायचंस!"

"माझा कपड्यांचा टब नेलात, ते तुम्ही सांगितलंत?"

तेवढ्यात कमिटी आली. चेअरमननी गाडीखाली वाकून फरशीवर बोट फिरवलं. "एक थेंब नाही. मानलं काका! आता जरा मागे घ्या, पट्टे मारायचेत."

"आज नाही घेता येणार."

"का? चालत नाही?"

"नोटिशीत गळण्याबद्दल लिहिलंय," काका म्हणाले. "चालण्याबद्दल काही नाही."

चेअरमननी नोटीस पुन्हा वाचली. मग कमिटीनेच गाडी ढकलली. जागा राहिली. दुसऱ्या दिवशी टोइंगवाला गाडी पावणे एमआयडीसीतल्या गॅरेजात घेऊन गेला. काका सोबत गेले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी काका वारले. त्यानंतर काकू गाडी शिकल्या; पनवेलला आता स्वतः चालवत जातात. मागच्या महिन्यात सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याने गाडी वर उचलली, तेव्हा मीही तिथे होतो. ड्रेन प्लग काकांनी बसवलेलाच आहे. कोरडा आहे.