पुण्याहून वाजलेली तार
जुन्या बाजारात तारयंत्राचा पितळी खटका दिसला आणि माझं डोकं तापलं. पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते, तेव्हा मी चिंचवडच्या तारघरात कडकट्ट ऐकून तारा उतरवून घ्यायचो. पाठवणाऱ्याचा ताल कानाला सापडला, तरच लांब खूण कुठली आणि आखूड कुठली ते कळायचं. त्या दुपारी मोशीचे एक म्हातारबा बाकावर बसले होते, त्यांची लेक पुण्यात बाळंतपणाला अडलेली; सारखे विचारत होते, "बाबू, पोर मोकळी झाली का?" तार आली, पण पुण्याहून ती वाजवणाऱ्या बाबूला घरी जायची घाई. त्यानं मध्येच वेग वाढवला आणि ताल पार विस्कटला. आमचे पोस्टमास्तर पुटपुटले, "अंदाजानं लिहा हो, परत विचारलं तर आपली नाचक्की होते." मी भडकलो. "कुणाच्या लेकीचा अंदाज करू?" म्हणालो आणि पुण्याला तार पुन्हा वाजवायला सांगितली. मग त्या हरामखोरानं मला खिजवायला, बिगारी यत्तेतल्या पोराला शिकवावं तसं, एकेक अक्षर लांबवून वाजवलं. म्हातारबा माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी 'लेक गेली' हे तितक्याच सावकाश लिहीत होतो. आज दुकानदार भाव सांगत राहिला. मी तो खटका दाबून पुण्याच्या बाबूला शिवी वाजवली, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.