एकच देवक

मंगळवार पेठेतल्या पिराजीला लग्न जुळवण्यापेक्षा मोडण्यातच जास्त गोडी. सोयरीक निघाली की माणसं आधी त्याच्याकडं यायची, कुणाचं देवक काय ते विचारायला. देवक म्हणजे घराण्याची खूण, कुणाचं झाड, कुणाचं पीस. लग्नात ते मांडवात बसवून पुजायचं. दोन्ही घरांचं देवक एक निघालं तर पोरगा-पोरगी भाऊबहीण, विषय संपला. ह्या बाबानं पान चघळत कितीतरी सोयरिकी मोडल्या.

१९९३ साली पाळी त्याच्या पोरीवर आली. संयोगिता एकोणीस वर्षांची, आईविना वाढलेली, बापाच्या भाकऱ्या थापणारी. गल्लीतल्या धैर्यशीलवर तिचा जीव जडला होता आणि त्याच्या घरचे रीतसर मागणी घालायला आले.

"तुमचं देवक?" पिराजीनं विचारलं.

"कळंबाचं झाड."

पिराजीनं कपाळावर हात मारला. "आमचंबी कळंबच की वो!"

त्याच्या शब्दावर शंका कोण घेणार? भावकीशी भांडण, त्यामुळं संयोगितानं तर घरात लग्नच पाहिलं नव्हतं. बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही माणसानं? राखीपुनवेला त्यानं गल्लीदेखत पोरीला धैर्यशीलच्या मनगटावर राखी बांधायला लावली. तिला गाठ बसेना. "भावाला कसली लाजतीस?" म्हणून हा हसला. पुढं धैर्यशीलचं लग्न झालं, त्याची पोरं तिला आत्या म्हणू लागली. तिला आलेली बाकीची स्थळंही त्यानं काही ना काही खोट काढून परत धाडली.

बारा वर्षांनी संयोगिताच्या मलकापूरच्या चुलतभावाचं, सयाजीचं लग्न निघालं. जुनं भांडण विसरून चुलत्यानं बोलावलं. आता काय होतंय, अशा समजानं पिराजी पोरीलाही घेऊन गेला. वाजतगाजत देवक मांडवात आलं. ताटात मोराचं पीस होतं.

"काकी, कळंबाची फांदी कुठाय?"

"कसला कळंब? आगं, आपलं देवक मोराचं पीस. तुझ्या आई-बाच्या लग्नातबी हेच पुजलं की."

संयोगिता तशीच वळली. पिराजी पंगतीत बसला होता. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"आबा, मग त्यो कळंब कुठनं आला?"

त्यानं मान वर केली. लाज त्या माणसाला कधी नव्हतीच. "तुला धाडली असती तर मला भाकरी कोण घालणार हुतं?"

"आणि राखी?"

"न्हाईतर पळून गेली असतीस." त्यानं ताट पुढं सरकवलं. "वाढ आता."

तिनं वाढलं.