बारा वर्षांपुढची मासळी

कल्याणच्या एका मॉलमध्ये माझ्या आईनं एकदा भुतांचे जीव वाचवले. माझ्या लेकीच्या वर्गमैत्रिणीचा वाढदिवस होता, आणि हल्ली वाढदिवस घरी करायचे नसतात म्हणून तो वरच्या मजल्यावरच्या गेमिंग झोनमध्ये होता. लेक तेव्हा आठ वर्षांची. मला ऑफिसातून यायला उशीर होणार होता, म्हणून सोबत आजीला धाडलेलं. मी पोचले तेव्हा आतला देखावा असा: पोरी प्लास्टिकच्या बंदुका धरून रांगेत उभ्या, पडद्यावर अर्धवट मेलेली भुतं थिजलेली, आणि मशीनपुढे पदर खोचून माझी आई. तिनं खेळ मधेच थांबवायला लावला होता.

"यो खेल किती वर्साच्या पोरांचा?" ती काउंटरवरच्या मुलीला विचारत होती.

"मावशी, बाजूला लिहिलंय ना. तेरा प्लस."

"लिवलंय? मंग या काय तेराच्या दिसतान तुना?"

खरंच लिहिलं होतं. मशीनच्या कडेला, बोटभर. माझ्यासकट एकाही आईनं ते पाहिलं नव्हतं, आणि माझा तर तो धंदाच आहे. पोरींना बंदुकांऐवजी बॉल टाकायच्या खेळाकडे वळवलं गेलं. लेक परतीच्या रिक्षात आजीशी बोलली नाही.

त्या दिवसापासून आईला त्या आकड्याचं वेडच लागलं. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये पॅसेजमध्ये बसून कुणी मोबाईल खेळताना दिसलं की ही विचारणार, "कितीच्या वरचा हाय?" पोरं तिला बघून मोबाईल पाठीमागे लपवायला लागली. सोसायटीच्या ग्रुपवर तर आठवडाभर रण माजलं. एका बाजूचे म्हणत, हे मारामारीचे खेळ बंदच करा, पोरं बिघडतात. दुसऱ्या बाजूचे म्हणत, आम्ही लहानपणी चोर-पोलीस खेळलो, कोण दरोडेखोर झालं? आईचं मत मी टाइप करून टाकायचं, असा हुकूम होता. मत एवढंच: ज्यानं खेळ बनवला त्यानंच आकडा घातलाय, मग आपण कोण मोडणारे? आणि हे सांगणारी बाई रोज संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन मालिका बघते, ज्यात सासू सुनेच्या दुधात विष कालवते. मी हे दाखवून दिलं. "त्याच्यावर काय लिवलेलं नाय," ती म्हणाली, आणि आवाज वाढवला.

आता माझ्या धंद्याबद्दल. वागळे इस्टेटमध्ये एका जुन्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली स्प्रिंगा बनतात, वर मोबाईलचे खेळ. माझं काम ते खेळ खेळून चुका काढायचं. लोकांना वाटतं काय मजा आहे हिची. एकच टोमॅटो दिवसभर कापून बघा, मग बोला. खेळ दुकानात ठेवण्याआधी एक प्रश्नावली भरावी लागते, त्यावरून वयाचा आकडा ठरतो. तीन, सात, बारा, असं वर चढत जातं. ते कामही माझ्याच गळ्यात, कारण ऑफिसात पोर असलेली मी एकटीच.

आमचे साहेब माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांना अचानक 'आपल्या मातीतलं काहीतरी' करायची हुक्की आली. मी म्हटलं, मातीतलं नाही, पण खाडीतलं आहे. माझ्या आईचं ठाण्याच्या मासळी बाजारात उभं आयुष्य गेलं. गिऱ्हाईक येतं, माशाच्या गालाचा कल्ला उचलून बघतं, घासाघीस करतं, कोळीण कोयत्यानं मासा साफ करून तुकड्या पाडून देते. यात काय कमी खेळ आहे? साहेब खूश. नाव ठेवलं 'कोयता'. दुसऱ्याच दिवशी बदललं, कारण कोयता म्हटलं की लोकांना पेपरातली गुंडगिरी आठवते.

खरं सांगायचं तर हे मी साहेबांसाठी केलं नाही. आईचे गुडघे गेले तशी ती बाजार सोडून माझ्याकडे आली, जागा चुलतबहिणीला दिली. सकाळी तिची बोटं नीट वळत नाहीत. तिचा हात, म्हणजे ज्या हातानं ती भलामोठा जिताडा मासा गप्पा मारता मारता सोलायची तो हात, आमच्या घरात कुणीच शिकून घेतला नाही. मी तर नाहीच. शाळेत जाताना माझ्या हाताला वास येऊ नये म्हणून आई लिंबाची फोड माझ्या बोटांवर चोळायची. मला कोयत्याला हातही लावू द्यायची नाही. तेव्हा मला ते सुख वाटायचं. आता तिला रुखरुख लागली होती, आणि ती मला ती सरळ बोलून दाखवायची: "माजा हात माज्याबरोबर जानार. नातीनं तरी बघाला पायजे." खेळाला होकार देताना तिची अट एकच होती, की तो पहिल्यांदा नात खेळणार.

आई ऑफिसात यायला लागली आणि आमच्या मजल्याची कळाच बदलली. सोबत बर्फातली मासळी, टेबलावर प्लास्टिक, तीन बाजूंनी कॅमेरे. डब्यात पनीर आणणारी पोरं बोय आणि मांदेली ओळखायला लागली. खालचे स्प्रिंगवाले वासावर वर आले आणि तळलेल्या तुकड्या खाऊन गेले. आईचा आवाज रेकॉर्ड करायचा होता. तिला सांगितलं, मावशी, जरा हळू. ती म्हणाली, हळू बोलून कोनाची मासली खपली? आणि अशी आरोळी ठोकली, "घे गो ताय, जिती हाय जिती!" की समोरच्या गाळ्यातला वॉचमन बाहेर आला. ते महिने आठवले की मला अजूनही हसू येतं. इतक्या खुशीत मी तिला बाजार सुटल्यापासून पाहिलंच नव्हतं.

खेळ तयार झाला. पहिली पायरी, लाल कल्ला ओळखून ताजा मासा निवडायचा. मग खवले, मग तुकड्या, आणि शेवटी जिवंत चिंबोरी, नांग्या मोडून. प्रश्नावली भरायच्या दिवशी आई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मी एकेक प्रश्न मराठीत करून वाचत होते, ती उत्तरं देत होती.

"खेळात धारदार हत्यार आहे का?"

"हत्यार कसला? कोयता हाय."

मी 'हो' केलं.

"रक्त दिसतं का?"

"दिसनारच! रगत नाय तं मासली कालची."

"किती? थोडं, मध्यम, भरपूर?"

"जिताडा हाय ना त्याच्यात? भरपूर लिव."

"ज्याच्यावर वार होतो तो तडफडतो का?"

इथे ती चिडलीच. "हलत नसंल ती चिंबोरी घेल कोन? मेलेली इकून नावाला बट्टा लावू का मी?"

"मारला जाणारा जीव निरपराध आहे का?"

यावर तिनं जरा विचार केला. "बोंबील निरपराध. चिंबोरी नाय, ती चावते."

मी हसत हसत सगळं खरंखरं भरत गेले. आम्ही दोघी मालाच्या ताजेपणाची हमी देत होतो, आणि पलीकडचं यंत्र गुन्हा नोंदवत होतं. शेवटचं बटण दाबलं. उत्तर आलं, बारा वर्षांपुढे.

साहेब धावत आले. "मॅडम, हे काय? आपल्या भाजीच्या गेमला तीन मिळालेलं! टोमॅटोलाही लाल रस येतो की!"

आईला मी आकडा समजावून सांगितला. तिचा चेहरा बघवेना. "मी आठ वर्साची असताना आयशीच्या बाजूला बसून बोय साफ करीत होते," ती म्हणाली. "माज्या हातचा काम पोरांनी बगाचा नाय, असा वंगाल काय हाय त्याच्यात?"

तिला कसं सांगू? त्या आकड्याचा मला स्वतःला राग आला नव्हता. यंत्राला पडद्यावरचं दिसतं, त्याच्या बाजूला कोण बसलंय ते दिसत नाही. कुठल्या तरी एकट्या पोरानं मोबाईलवर नुसतं तडफडणं आणि रक्त पाहिलं, पुढचं कालवण नाही, ओरडणारी आजी नाही, तर? त्या पोरापुरता बारा बरोबरच आहे. पण माझी आई दुखावली होती, आणि तेही बरोबरच होतं.

साहेबांकडे तोडगा होता. रंगकाम करणाऱ्या मुलीनं तिथल्या तिथे करून दाखवला. रक्त गेलं, निळसर पाणी आलं. कल्ला फिका गुलाबी. चिंबोरी डोळे मिटून झोपलेली. "बघा मावशी," साहेब म्हणाले, "आता तीन नाहीतर सात नक्की मिळेल. तुमची नात आजच खेळेल."

आईनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग परत दिला.

"शिली हाय," ती म्हणाली. "फेकून दे."

"पण मावशी, मग नात खेळणार नाही. तुम्ही सांगा, तसं करतो."

साहेबांना मी कितीही नावं ठेवो, त्या दिवशी त्यांनी निवाडा तिच्यावर सोडला हे खरं. मला माहीत होतं, तिला काय हवंय. एवढे महिने दुखऱ्या बोटांनी ती कॅमेऱ्यापुढे बसली, ती एका प्रेक्षकासाठी. हो म्हणाली असती तर मी तिला काही बोलले नसते.

"बारा तं बारा," आई म्हणाली. "उभ्या जन्मात कोनाला शिली मासली दिली नाय. नातीला देऊ?"

खेळ दुकानात गेला, लाल कल्ल्यासकट. घरी मात्र वेगळंच महाभारत झालं. लेक शाळेतून आली ती मोबाईल मागतच. आजीनं तिला जवळ घेऊन सांगितलं की खेळ बाराच्या वरचा निघाला.

"पण तो तुझाच खेळ आहे ना, आजी! आवाजपण तुझाच आहे!"

"माजा हाय म्हनूनच. दुसऱ्याची मशीन बंद केली, आता सोताची चालू ठेवू?"

लेकीनं दप्तर फेकलं, रडली, मला लाच म्हणून आठवडाभर दूध प्यायचं आश्वासन दिलं. मी विरघळले. म्हटलं, "आई, मी परवानगी देते. घरातच तर आहे. कोण बघतंय?"

"मी बगतंय," आई म्हणाली.

मला तिचा संताप आला. लेक बारा वर्षांची व्हायला अजून किती अवकाश! तोवर ही बोटं कशी असतील? खेळ तिथेच राहील, पण शेजारी बसून 'असा नाय गो, असा' म्हणणारी असेल का? हे मी तिला विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

पुढच्या रविवारी तिनं मला मासळी आणायला पिटाळलं. "बोय आन. कल्ला बगून. तेवडं तरी येतं ना?" मी आणली. आईनं ओट्याकडे बघितलंही नाही. जमिनीवर पेपर पसरले, पाट मांडला, हळूहळू, माझ्या खांद्याचा आधार घेत खाली बसली. गाठोड्यातून कोयता काढला. बाजार सुटल्यापासून तो फडक्यात होता, फक्त ऑफिसात बाहेर यायचा.

"बाय, ये गो हिकरं," तिनं नातीला हाक मारली.

लेक येऊन मांडी घालून बसली. मी मध्ये पडले. "आई! अगं आठ वर्षांची आहे ती. खराखुरा कोयता आहे तो!"

आईनं कोयता उचलला. उजेडात धरला. पातं एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं, मूठ फिरवून खालून बघितली. मग मला विचारलं, "कुटं लिवलंय?"

माझ्या धंद्यातल्या एकाही प्रश्नावलीत याला उत्तर नव्हतं.

तिनं पातं पेपराखाली सरकवून ठेवलं, लगेच नाही दिलं हातात. आधी कल्ला. लेकीचं बोट धरून तिनं बोयच्या गालाखाली घातलं आणि उचललं. लेकीनं नाक मुरडलं, डोळे बारीक केले, आणि मग वाकून अगदी जवळून पाहिलं.

"आजी, लाल आहे! लालबुंद!"

"मंग?"

"मग ताजी!"

"घे गो ताय," आई खच्चून ओरडली, "जिती हाय जिती!" आणि दोघी इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरच्या काकू काय झालं म्हणून विचारायला आल्या. नंतर खवले. कोयत्याची बोथट पाठ, लेकीची मूठ, तिच्यावर आजीची मूठ. खवले फ्रिजवर उडाले, माझ्या केसांत उडाले. आजीची बोटं वळत नव्हती तेव्हा लेकीची वळत होती, आणि लेकीला जोर कमी पडला की आजीचा लागत होता. दारात उभी राहून मी बघत होते, आणि रडू येतंय की हसू ते कळायच्या आत दोन्ही आलं.

एक बोय साफ झाली. वाकडीतिकडी, पण झाली. दुसऱ्या दिवशी शाळा होती. लहानपणच्या सवयीनं माझा हात लिंबाकडे गेला. फोड केली आणि लेकीची बोटं चोळायला धरली.

तिनं हात मागे ओढले. बोटं नाकाशी नेऊन हुंगली. "नको ना. राहू दे. वास वर्गात दाखवायचाय."

मी आईकडे पाहिलं. माझ्या हातातली लिंबाची फोड तिनं काढून घेतली, आणि तुकड्या तळून झाल्यावर त्यांच्यावर पिळली.